37व्या वर्षी कराटे, ज्युदो की अजून काही? की आधी वजन उतरवू?

पत्र थोडक्यात: फोंड्याच्या एक ताई, वय 37, कुंडईच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला. दहा वर्षांची मुलगी घराजवळच कराटेला जाते, तिला सोडता-आणता ह्यांनाही वाटायला लागलं की आपणही एखादी मार्शल आर्ट शिकावी, छंद म्हणून. पण कुठली ते ठरत नाही. नवरा यूएफसी, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिश्र मार्शल आर्टच्या लढती, बघतो, त्याचं म्हणणं कराटे म्हणजे नुसते हवेत हातवारे, शिकायचंच तर ब्राझिलियन जिउ-जित्सू (जमिनीवर धरून, जखडून लढायची कला) शीक, आसगावच्या बाजूला क्लास आहे. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते मुए थाई, म्हणजे थायलंडचं किक-बॉक्सिंग, कर, वजन पटापट उतरतं. सासूबाई म्हणतात ह्या वयात हातपाय मोडून घेऊ नको. 2023 ला नॅशनल गेम्स गोव्यात झाले तेव्हा मुलीला घेऊन ज्युदो बघायला गेल्या होत्या, ते मनात राहिलंय असं एक वाक्य मध्येच आहे. काही वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून उजवा गुडघा दुखावला होता, आता बरा आहे पण जिने उतरताना कधी कधी जाणवतो. त्यांचे प्रश्न असे: सगळ्यात इफेक्टिव्ह कुठली? सेल्फ डिफेन्सला कुठली बरी? आधी आठ-दहा किलो कमी करून मग जाऊ का? आणि ह्या वयात ब्लॅक बेल्ट होणार नसेल तर शिकण्यात अर्थ आहे का?

ताई,

तुमच्या पत्रात नवऱ्याचं मत आहे, मैत्रिणीचं आहे, सासूबाईंचं आहे, यूट्यूबवाल्यांचं तर तीन-चार जणांचं आहे, आणि तुमचं स्वतःचं म्हणता येईल असं वाक्य एकच, ज्युदो बघितला ते मनात राहिलं म्हणून. तेही तुम्ही घाईघाईत लिहून पुढे गेलात. मला मात्र पत्र वाचताना सारखं तिथेच थांबावंसं वाटलं, त्यामुळे माझं उत्तर कुठे जाणार ते तुम्हाला आताच कळलं असेल, पण त्याआधी बाकीचे प्रश्न घेऊया कारण असले प्रश्न पडलेले खूप लोक आहेत आणि त्यातले बरेच जण ह्या प्रश्नांपाशीच अडून राहतात.

आधी तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. ते अगदीच चूक नाहीत. 1993 ला अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली ती ह्याच प्रश्नावर झाली, की वेगवेगळ्या कला एकमेकांसमोर आणल्या तर जिंकतं कोण. जिंकला रॉयस ग्रेसी, समोरच्या कितीतरी जणांपेक्षा अंगाने हलका, ब्राझिलियन जिउ-जित्सूवाला, कारण जमिनीवर गेल्यावर काय करायचं हे बाकीच्यांना माहीतच नव्हतं. पण पुढच्या काही वर्षांत सगळेच ते शिकले आणि आज तिथे एकाच कलेवर कोणी टिकत नाही, सगळे सगळ्यातलं थोडं थोडं घेतात. आणि ज्या कराटेला ते हातवारे म्हणतात त्याच शोतोकान कराटेत वडिलांच्या हाताखाली वाढलेला ल्योतो माचिदा 2009 ला तिथला चॅम्पियन झाला. त्यांना हेही सांगा की ब्राझीलमध्ये जिउ-जित्सू नेलं ते मित्सुयो माएदाने, 1914 ला, आणि तो माणूस टोकियोच्या कोदोकान ह्या ज्युदोच्या मूळ शाळेत तयार झालेला ज्युदोवाला होता. म्हणजे त्यांचं जिउ-जित्सू आणि तुमचा ज्युदो एकाच घरचे.

मुद्दा एवढाच की पिंजऱ्यात उतरणाऱ्या माणसासाठी इफेक्टिव्ह काय आणि ड्युटीवरून येऊन, भाजी टाकून, आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर काढणाऱ्या बाईसाठी इफेक्टिव्ह काय ह्याचं उत्तर एक असूच शकत नाही. तुमच्यासाठी इफेक्टिव्ह म्हणजे जी तुम्ही पुढच्या वर्षीही करत असाल ती.

सेल्फ डिफेन्सबद्दल मी जरा स्पष्टच लिहिते. शिकल्याने अंगात बळ येतं, आवाज मोठा निघतो, कोणी मनगट धरलं तर गोठून न जाता हात-पाय हलतात, हे खरं आहे आणि ते मोलाचं आहे. पण त्रास देणारा माणूस बहुतेक वेळा अंधारातला अनोळखी नसतो, ओळखीचा असतो, नात्यातला, कामावरचा, शेजारचा, आणि तिथे लाथेपेक्षा वेळेत ठाम नाही म्हणणं, कोणाला तरी सांगणं, 112 लावणं, कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी देणं हेच कामाला येतं. आणि कोणाच्या हातात सुरी असेल तर कुठलाही प्रामाणिक सर तुम्हाला हेच सांगेल की पर्स द्या आणि पळा. जो सांगतो की सहा दिवसांच्या वर्कशॉपमध्ये तुम्हाला चार माणसांना लोळवायला शिकवतो, तिथे पैसे भरू नका. म्हणून म्हणते, सेल्फ डिफेन्स हा वरचा फायदा धरा, निवड त्याच्यावर करू नका, नाहीतर प्रत्येक तासाला तुम्ही मनात तोच हिशेब करत बसाल की हे खऱ्या भांडणात चालेल का, आणि शिकण्यातली मजा निघून जाईल.

आधी वजन कमी करून मग जाऊ का, तर नको. हे मी इतक्या जणींकडून ऐकते आणि त्यातल्या बहुतेक जणी वजनही कमी करत नाहीत आणि क्लासलाही जात नाहीत, दोन्ही पुढच्या चवथीनंतर, मग नवीन वर्षात, मग मुलांच्या परीक्षा झाल्यावर. 2022 च्या बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला ज्युदोत भारताच्या दोन बायकांना रौप्य मिळालं, सुशीला देवी 48 किलोच्या गटात आणि तुलिका मान 78 किलोच्या वरच्या गटात. एकाच खेळात, एकाच स्पर्धेत. ह्या खेळांना अंग कसं असावं ह्याचा एक साचा नाहीच. डब्ल्यूएचओ मोठ्या माणसांना आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी करा म्हणतं, तर दोन संध्याकाळचे क्लास आणि थोडं चालणं एवढ्यात तुमचं ते होऊन जातं. वजन उतरेल तेव्हा उतरेल.

ब्लॅक बेल्ट. जिउ-जित्सूत साधारण दहा वर्षं लागतात, आठवड्यातून नीट तीनदा-चारदा जाणाऱ्यांनाही. कराटे, ज्युदोत चार-पाच वर्षांत होऊ शकतो, दोनदाच जाल तर जास्त. आणि कराटे-ज्युदोत काळा पट्टा म्हणजे पहिला दान, म्हणजे पहिली पायरी, त्याच्या वरती अजून दान आहेत, म्हणजे तिथे शिक्षण संपत नाही, बेसिक पक्कं झालं एवढंच. तुम्ही 37 च्या आहात, 45 व्या वर्षी ब्लॅक बेल्ट असाल किंवा नसाल, 45 तर होणारच आहे. तुम्ही कधी शिवण शिकलात, पेटी शिकलात तेव्हा असा प्रश्न विचारला होता का, की विशारद होणार नसेल तर कशाला? खेळाच्या बाबतीतच आपल्या बायकांना सर्टिफिकेट का लागतं, घरी दाखवायला की बघा वेळ वाया नाही घालवला म्हणून? ह्याचा जरा विचार करा असं मला मनापासून वाटतं.

आता एकेक कला अंगाला कशी लागते ते बघू, कारण हे कोणी सांगत नाही, सगळे कोण जिंकतं तेच सांगतात.

कराटे तुम्ही रोज बघता, त्यामुळे थोडक्यात. एकाच हालचाली पुन्हा पुन्हा घोटायच्या, मग काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी, मग जोडीने कुमिते, म्हणजे लढतीचा सराव. ज्याला शिस्त, ओळी, मोजून केलेलं काम आवडतं त्याला हे फार आवडतं, आणि तुम्ही क्वालिटीत काम करता म्हणजे तुम्हाला आवडूही शकेल. तायक्वांदोत उंच लाथा जास्त, म्हणजे एका पायावर गर्रकन फिरणं, तुमच्या गुडघ्याला मी ते पहिल्या नंबरवर ठेवणार नाही. मुए थाई आणि बॉक्सिंग, मैत्रीण म्हणते ते खरं, दम निघतो, पॅडवर मारताना दिवसभराचा ताण जातो, आणि पहिल्या दिवसापासून काहीतरी जमल्यासारखं वाटतं. फक्त स्पारिंगचं, म्हणजे समोरासमोर लढायच्या सरावाचं, आधी विचारून घ्या. छंदासाठी डोक्यावर जोरात फटके खायची काहीएक गरज नाही, नाही म्हणायचं, आणि कधी डोक्याला लागून गरगरलं, उलटी झाली, डोकं दुखत राहिलं तर त्या दिवशीचा क्लास तिथेच बंद आणि डॉक्टर.

केरळचं कळरीपयट्टू नॅशनल गेम्सला गोव्यात पहिल्यांदाच होतं, तेव्हापासून इथेही बरेच जण विचारतात. फार देखणी कला आहे, आधी नुसतं अंग तयार करायचं, मग लाकडी काठ्या, मग तलवार-ढालीसारखी धातूची शस्त्रं, आणि रिकाम्या हातांनी लढणं सगळ्यात शेवटी. वडकऱ्याच्या मीनाक्षी अम्मांना 2017 ला पद्मश्री मिळाली तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या आणि शिकवत होत्या. पण त्यांनी सातव्या वर्षी सुरुवात केली होती, म्हणून त्यांचे व्हिडिओ बघून स्वतःला मोजू नका. शिवाय कळरीत खूप खाली बसून हालचाली असतात, तो गुडघा परत आलाच, आणि आपल्याकडे कायम शिकवणारं कोणी जवळ मिळणं कठीण, बहुतेक वेळा चार दिवसांचं शिबिर असतं. लाठी कुठे शिकवत असतील तर जरूर बघा. शिगम्याला घोडेमोडणी, म्हणजे कमरेला लाकडी घोडा बांधून तलवार घेऊन केलेला नाच, बघताना ज्यांचे हात शिवशिवतात त्यांना लाठी-दांडपट्टा लगेच जवळचा वाटतो, खर्च जवळजवळ नाही, आणि खांदे-मनगटं चांगली तयार होतात.

आणि ज्युदो. जिगोरो कानो नावाच्या एका तरुण शिक्षकाने 1882 ला टोकियोतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत तो सुरू केला. स्वतः चणीने लहान माणूस, म्हणून समोरच्याच्या ताकदीशी ताकद लावायची नाही, त्याचा तोल बिघडवायचा आणि त्याचंच वजन वापरायचं ह्याच्यावर सगळं उभं आहे. ऑलिंपिकला पुरुषांचा ज्युदो 1964 ला आला, बायकांना पदकं मिळायला 1992 उजाडलं. तुम्ही बघितलंत ते पाठीवर आपटणं, धाडकन आवाज होतो आणि माणूस दुसऱ्या क्षणी उठून उभा राहतो, ते कसं होतं सांगते. ज्युदोत पहिले कित्येक तास फक्त पडायला शिकवतात, उकेमी म्हणतात त्याला. हनुवटी छातीला, म्हणजे डोकं मागे आपटत नाही, अंग गोल, आणि पूर्ण हात पसरून चटईवर जोरात थाप, म्हणजे धक्का एका जागी न बसता पसरतो. पडताना हात टेकवून स्वतःला सावरायचं नाही, कारण मनगट मोडतं ते तसंच मोडतं. ताई, तुम्ही स्कूटरवरून पडलेल्या आहात. पन्नाशीनंतर बायका पडून मनगट, खुबा मोडून घेतात हे आपण घरोघर बघतो. मला विचाराल तर कुठल्याही वयाच्या माणसाने एखाद्या मार्शल आर्टमधून एकच गोष्ट उचलायची ठरवली तर ती पडणं असावी.

पण गुडघ्याचं लपवून चालणार नाही. ज्युदोत सगळ्यात जास्त दुखापती होतात त्यात गुडघा आणि खांदा आहेच. म्हणून पहिलं काम क्लास नाही, फिजिओ. ऑर्थो किंवा फिजिओला सरळ विचारा की मला असं असं शिकायचंय, गुडघा फिरतो, त्याच्यावर वजन येतं, चालेल का, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम लिहून घ्या, महिना-दीड महिना करा. ते नको म्हणाले तर ज्युदो नको, विषय संपला. हो म्हणाले तर सरांना पहिल्याच दिवशी सांगायचं, उजवा गुडघा असा आहे, मला स्पर्धा खेळायची नाही, उभ्याने जोरात रांदोरी म्हणजे मोकळा सराव सुरुवातीला नको, पडणं आणि जमिनीवरचं काम आधी शिकवा. हे ऐकून सर काय बोलतात त्याच्यावर पुढचं ठरवा. जो म्हणतो काही नाही हो, सवय झाली की जाईल दुखणं, तिथून नमस्कार करून परत या.

आता अंतर, आणि ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त भर देते. फोंड्याहून आसगाव, ऑफिस सुटल्यावर, भोम-बाणस्तारीचा रस्ता, पुढे पर्वरीचं ट्रॅफिक, म्हापसा, एका बाजूने सव्वा तास तरी धरा. जानेवारीत तुम्ही जाल. जुलैमध्ये, पाऊस आडवा येतोय, लाईट गेलीय, मुलीचा अभ्यास राहिलाय, तेव्हा कोण जातं? किनाऱ्याकडचे काही क्लास सीझनवर चालतात, परदेशी शिक्षक मे महिन्यात निघून जातो, तेही आधी विचारायला हवं. घरापासून पंधरा-वीस मिनिटांत जो बरा क्लास आहे तो तासभर लांबच्या उत्तम क्लासपेक्षा चांगला. तेव्हा आधी फोंड्यातच मोठ्या माणसांना ज्युदो शिकवणारं कोणी आहे का बघा, इनडोअर स्टेडियमवर जाऊन विचारा, स्पोर्ट्स ऑथॉरिटी ऑफ गोवाला फोन करा की मोठ्यांना घेणारे कोच कुठे आहेत. बऱ्याच ठिकाणी बॅच मुलांचीच असते, पण तीन-चार आया मिळून गेल्या तर सर वेगळी वेळ काढतात, कराटेच्या बाहेर बाकावर बसलेल्या बाकीच्या आयांना विचारून तर बघा. आणि नाहीच मिळाला ज्युदो, तर मुलीच्या कराटेच्या सरांना विचारा. तुम्ही लिहिलंय की दहा-बारा वर्षांची पोरं पट्ट्याने वर आणि आपण पांढऱ्या पट्ट्यात शेवटी उभ्या, लाज वाटेल. आठवडाभर वाटेल. मग पोरंच येऊन तुमचा पाय सरळ करून देतील, आणि तुमच्या मुलीला आईला काहीतरी शिकवायला मिळेल, तिला ते किती आवडेल बघा. मात्र तिला आधी विचारा, कारण ती तिची जागा आहे, काही मुलांना आई वर्गात नको असते आणि तेही बरोबरच आहे.

क्लास बघायला जाताना डेमो डे ला जाऊ नका, साध्या मंगळवारी जा, कोपऱ्यात बसून पूर्ण तास बघा. नवीन माणसाकडे कोण बघतं, की तो आपला मागे उभा? जोडीत मोठा माणूस लहानाशी कसा वागतो? कोणी थाप मारून थांब म्हटलं की दुसरा लगेच सोडतो का, हे ज्युदो-जिउ-जित्सूत सगळ्यात महत्त्वाचं. चटई जाड आहे की लादीवर पातळ फोम टाकलाय? बायका आहेत का, कपडे बदलायला जागा आहे का? अंगाला अंग लागणारे खेळ आहेत, सुरुवातीला बाईबरोबरच जोडी हवी असं सांगायला अजिबात संकोच करू नका, चांगल्या ठिकाणी ते ऐकतात. फी महिन्याची भरा, वर्षाची नाही. पट्ट्याच्या परीक्षेचे वेगळे पैसे किती, किती महिन्यांनी, ते आधीच विचारा. एका ओळखीच्या मुलीने वर्षाचे पैसे एकदम भरले आणि तीन महिन्यांत क्लासला कुलूप लागलं, पैसे काही परत आले नाहीत.

आणि एक आपल्या हवेचं. ज्युदोचा जाड सुती ड्रेस पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नाही, आणि तसाच दमट घातला की गजकर्ण ठरलेलं, तुम्हालाही आणि जोडीदारालाही. दर वेळी धुवायचा, पंख्याखाली वाळवायचा, जमलं तर टिकणार हे कळल्यावर दुसरा जोड घ्यायचा. पहिल्या महिन्यात काहीच विकत घेऊ नका, ट्रॅक पॅन्ट आणि घट्ट शिवणीचा टी-शर्ट चालतो का विचारा. अंगावर गोल चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत चटईवर जायचं नाही. नखं कापलेली, चटईच्या कडेपर्यंत चपला.

सासूबाईंना समजावत बसू नका, त्यांची भीती खोटी नाही, त्यांना फिजिओने काय सांगितलं ते सांगा आणि जमलं तर एकदा क्लास बघायला घेऊन जा. मिस्टरांना सांगा की तुम्ही शिकत असताना दोन संध्याकाळी जेवणाचं आणि मुलीच्या अभ्यासाचं त्यांच्याकडे, कारण खरं सांगायचं तर आपल्याकडच्या बायकांचे क्लास सुटतात ते गुडघ्यामुळे कमी आणि ह्याच्यामुळे जास्त. यूएफसीवर एवढं प्रेम आहे तर त्यांना हे नक्की पटेल.

तीन महिने द्या. पहिले तीन-चार आठवडे अंग दुखेल, काही कळणार नाही, डावं-उजवं चुकेल, तेव्हा निर्णय घेऊ नका. तीन महिन्यांनी क्लासच्या दिवशी दुपारपासून जायची ओढ वाटत असेल तर चालू ठेवा, नाही वाटली तर कराटे बघा, मुए थाई बघा, बदलण्यात काही कमीपणा नाही. आणि पहिल्या दिवशी निघायच्या आधी मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, चमकी सगळं घरी काढून ठेवा, कॉलर धरताना साखळी गळ्यात रुतते, चमकी दुसऱ्याच्या बोटाला लागते. घरी कोणी त्यावरून काही म्हणालं तर सरांचा नियम आहे म्हणून सांगा, आणि तो खरोखरच सगळीकडे असतो.